लाल आठवडा

बेल्डन
९ ऑक्टोबर २०१४

वेस,

तुझा नंबर आईकडे आहे हे मला माहीत आहे. रविवारी दुपारी ती गॅरेजमध्ये कपाट आवरायला जाते. पाऊण तास आवरूनही कपाट होतं तसंच असतं. बाबांनाही कळत असणार, कारण नेमके तेव्हाच ते टीव्हीचा आवाज वाढवतात. मी तो नंबर तिच्याकडे मागितला नाही. मागितला असता तर तिने दिला असता, आणि मग मला फोन लावावा लागला असता. म्हणून हे पत्र. तुमच्या संघाच्या इमारतीचा पत्ता ओर्टन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सापडला. पाकीट साधं पांढरं घेतलं आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात आपल्या संघाची जांभळी किनार नसलेलं एवढं एकच होतं.

विशेष काही नाही. बाबा नेहमीसारखे सकाळी पाचला मैदानावर जातात. आई शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, तिचे गुडघे दुखतात. मिसेस बर्डीननी खेळाडूंच्या अंगणांत यंदाच्या नंबरांच्या पाट्या लावल्या. आपल्या रस्त्यावर एकच लागली, टिबेट्सांच्या अंगणात, नंबर ७१. तुझी ४४ ची पाटी होती तिथे अजून गवत धरत नाही. शेजारचे गस परवा कुंपणावर कोपरं टेकून बाबांना म्हणाले, "रे, अख्ख्या विद्यापीठाचं मैदान हिरवंगार ठेवतोस आणि दारातला हातभर चौकोन जमत नाही होय?"

बाबा म्हणाले, "खाली माती खराब आहे."

"मग बदल की."

"दोनदा बदलली."

पाटी उपटायला मिसेस बर्डीन आल्या होत्या तो दिवस तू पाहिला नाहीस. दालचिनीच्या रोलचा डबा घेऊन आल्या होत्या, कोणी गेल्यावर आणतात तसा. बाबांनी त्यांना फावडं आणून दिलं.

बावीस नोव्हेंबरचा आपला ओर्टनशी सामना यंदा इथे आहे. तुझं शेवटचं वर्ष, म्हणजे तू लाल कपड्यांत बाबांच्या मैदानावर उतरशील. त्या सामन्याच्या आठवड्यात, लाल आठवड्यात, बाबा पूर्वेच्या बाजूला पाऊल टाकत नाहीत हे तुला आठवत असेल. एकतीस वर्षं झाली. त्या बाजूच्या रेघा आणि तुमची बाकं त्यांचा मदतनीस मर्लच बघतो. तेव्हा गाठ पडायची नाही, घाबरू नकोस. किंवा आशा ठेवू नकोस. यातलं काय लिहावं कळत नाही.

माझी पदवी तेरा डिसेंबरला आहे. आईने फ्रिजवर कागद चिकटवला आहे आणि रोज एक दिवस खोडते. घरातलं पहिलंच माणूस म्हणून.

डोकं अजून दुखतं का?

डेला

•

२४ ऑक्टोबर

वेस,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं, तरी रोज पेटी उघडून बघते.

काल बाबांचे केस कापायला त्यांच्याबरोबर गेले होते. न्हावी तोच, हार्लन. खुर्चीत बसलेला एक जण म्हणाला, "लाल लोकांनी रे वोंद्राच्या पोराला गाडी दिली म्हणे." त्याला आम्ही दिसलो नव्हतो. हार्लनने कात्री थांबवून आरशातून बाबांकडे पाहिलं. बाबा मासिक वाचत राहिले, उलटं नव्हतं एवढंच. मी तिथे बसले होते. मला माहीत होतं की कोणी गाडीबिडी दिलेली नाही, आणि तू गेलास ते कशामुळे. मी माझ्या हातांकडे बघत राहिले.

हात मांडीवर ठेवायची सवय मला अभ्यासिकेत लागली. खेळाडूंना शिकवणाऱ्या मुलींनी पेन धरायचं नाही, कळफलकाला बोट लावायचं नाही, हात मांडीवर. पहिल्याच दिवशी अभ्यासिकेच्या प्रमुख मिसेस ओकलींनी शिकवलं होतं, "तोंडाने सांगा. हात लागला की ते काम त्यांचं राहत नाही." तो नियम मला फार आवडायचा. मी तिथली सगळ्यात कडक शिकवणारी होते. तूच मला जेलरबाई म्हणायचास.

आणि मग ती तीन पानं.

मला त्याबद्दल एकदा नीट लिहायचं आहे, कारण आपण ते कधी बोललोच नाही. २०१२ च्या लाल आठवड्यात सोमवारी तुला सरावात डोक्याला लागलं. तू गाडीमागे जाऊन ओकलास आणि मला सांगितलंस की कोणाला कळलं तर डॉक्टर तुला सामन्याला बाहेर बसवतील. गुरुवारी इतिहासाचा निबंध द्यायचा होता. नाही दिला तर नापास, आणि नापास म्हणजे सामना गेला. तू दिवा बंद करून पडला होतास. म्हणालास, "डेल, अक्षरं पोहतायत." मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून धुळीच्या वादळांच्या वर्षांवर तीन पानं लिहिली. तुझ्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा मुद्दाम घातल्या. 'जमीन' तू कसा चुकवतोस ते मला पाठ होतं. त्या चुकांची मला अजून सगळ्यात जास्त लाज वाटते.

तू खेळलास. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या हातातला चेंडू हिसकावून धावलास. लोकांनी गोलचे खांब उपटून ओढ्यापर्यंत नेले, आणि बाबा चुन्याच्या रेघेवर उभे राहून रडले. मी त्यांना फक्त तेव्हा रडताना पाहिलं आहे.

बारा दिवसांनी कोणीतरी मिसेस ओकलींना सांगितलं की तो निबंध तुझा नाही. शिस्तपालन समितीने दार बंद करून विचारलं. तू सांगितलंस की विकत घेतला, कोणाकडून ते सांगणार नाही. एक वर्ष बाहेर. विद्यापीठ अशी गोष्ट बाहेर बोलत नाही, आणि जिंकलेल्या सामन्याबद्दल तर कोणालाच बोलायचं नव्हतं. गावाला इतकंच दिसलं की जानेवारीत तू ओर्टनला गेलास.

तू गावाला खरं का सांगितलं नाहीस? निदान बाबांना?

डेला

•

५ नोव्हेंबर

वेस,

मागचं पत्र टाकल्यापासून मला नीट जेवण जात नाही. त्यात एक वाक्य खोटं आहे. म्हणजे खोटं नाही, पण मी ते असं लिहिलं की मी त्यातून बाहेर राहीन. "कोणीतरी सांगितलं." कोणीतरी म्हणजे मी.

तुला पकडून द्यायला गेले नव्हते. रोज अभ्यासिकेत नवीन मुलींना हात मांडीवर ठेवायला सांगत होते आणि माझा आवाज मलाच ऐकवेना. एका दुपारी मिसेस ओकलींच्या दारात उभी राहिले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. म्हणाले, "माझ्या भावाचा निबंध त्याचा नाही." त्यांनी चष्मा काढला. "मग कोणी लिहिला, ठाऊक आहे?"

बाबांच्या नोकरीमुळे माझी फी माफ होते, ते डोळ्यांपुढे आलं. आई शाळेतल्या बायकांना माझ्याबद्दल कशी सांगते ते आलं. मी म्हणाले, "नाही."

सगळं मिळून एवढा एकच शब्द. अर्धं खरं मी सांगितलं आणि ते अर्धं तुझ्या वाट्याचं होतं.

त्या म्हणाल्या, "तू फार सच्ची मुलगी आहेस." पुढच्या वर्षी त्यांनी मला मुख्य शिकवणारी केलं. आणि मी ते केलं, वेस. दोन वर्षं केलं.

तू माझ्यासाठी गप्प राहिलास. मीच तुझं नाव दिलं हे तुला माहीत असतं, तरीही राहिला असतास का, हे मला माहीत नाही. म्हणून आता सांगते आहे. माफ कर असं लिहिणार नाही, कारण मग तुला काहीतरी करावं लागेल.

डेला

•

१५ नोव्हेंबर

वेस,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन डिकने ते उलटं धरून हातात दिलं. म्हणाला, "चित्राकडे बघू नकोस, आजपासून लाल आठवडा लागलाय." तुमचं लाल मैदान छापलेलं कार्ड आणि मजकूर उघडा. मी विचारलं, "वाचलंत?" तो म्हणाला, "लाल डाक मी वाचत नाही, पोरी. हात लावतो तेच खूप." वाचलं असावं. जाताना त्याने टोपीला हात लावला, जे तो कधी करत नाही.

मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे. "डेल, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चुकून दप्तरात आलेला खडू परत द्यायला तू बर्फातून शाळेत गेली होतीस. दुसरं कोण असणार. गप्प बस आणि डिग्री घे. डोकं ठीक आहे. परत लिहू नकोस."

खडूचं मला आठवतच नव्हतं.

म्हणजे तुला माहीत असून तू गप्प राहिलास. मला वाटलं होतं, हे कळल्यावर हलकं वाटेल. उलट आणखी दमल्यासारखं झालं. तू दिलंस आणि मी घेतलं, आणि ते रोज नव्याने घ्यावं लागतं. न्हाव्याच्या दुकानात, जेवताना, आई कागदावर दिवस खोडते तेव्हा. आणखी चार आठवडे घेतलं की मग ते आयुष्यभर माझ्याजवळच राहणार.

गाव सजलं आहे. हार्डवेअरच्या दुकानात लाल रंगाचे डबे भिंतीकडे तोंड करून ठेवले आहेत. किराणावाल्याने टोमॅटो मागच्या खोलीत नेले, मागितले तर देतो पण नाव विचारतो. प्रत्येक ओसरीवर जांभळा दिवा. आपल्याही.

तू गप्प बस म्हणालास. तेव्हाही तूच ठरवलंस आणि आत्ताही तूच ठरवतो आहेस, आणि दोन्ही वेळा माझ्या भल्यासाठी. एकदा तुझं न ऐकता करून बघते. आधी बाबांना सांगेन, मग समितीला.

डेला

•

१९ नोव्हेंबर

वेस,

सांगितलं.

काल दुपारी वर्ग सुटल्यावर मैदानामागच्या शेडमध्ये गेले. बाबा एकटेच होते, पिंपात लांब फळी घालून जांभळा रंग ढवळत होते. कोपरापर्यंत हात जांभळे. या आठवड्यात ते हात रविवारपर्यंत स्वच्छ होत नाहीत, आणि आई त्यांना जेवायला जुना टॉवेल देते. मी उलट्या बादलीवर बसले. हात मांडीवर.

म्हणाले, "बाबा, वेस आपल्याला सोडून गेला नाही. त्याला काढलं. माझ्यामुळे."

त्यांनी मान वर केली नाही. फळी फिरतच होती. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, ओकलीबाईंच्या दारातल्या "नाही"पर्यंत. मला वाटलं ते ऐकत नाहीत. म्हटलं, "थांबा ना जरा."

"थांबलो तर रंग खाली बसतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "किती पानं होती?"

"तीन."

"तीन पानं." मग आणखी चार फेरे. "त्याला दिसत नव्हतं?"

"अक्षरं पोहतायत म्हणाला."

तेव्हा त्यांनी फळी काठाला टेकवली. रंग खाली बसला असेल. म्हणाले, "त्या बुधवारी सकाळी त्याने दूध ग्लासाच्या बाहेर ओतलं. एकदा नाही, दोनदा. मी फडक्याने टेबल पुसलं."

मी बादली त्यांच्याजवळ सरकवली.

"तीस वर्षं पोरं पडताना बघतोय मी, डेल. कोण उठल्यावर कुठे बघतो त्यावरून मला कळतं. डॉक्टरच्या आधी कळतं. माझ्या पोराचं कळलं नसेल?" त्यांनी हात पुसले, पण पुसून काही होत नाही. "लाल आठवडा होता. शनिवार जाऊ दे म्हटलं, मग बघू."

मग म्हणाले, "आणि मी त्या बाईला फावडं दिलं."

मर्ल दारात आला. "रे, पूर्वेची रेघ सुरू करू का?" बाबा म्हणाले, "थांब. उद्या बघू." मर्ल माझ्याकडे बघून गेला. लाल आठवड्यात रेघ उद्यावर ढकललेली त्याने पाहिली नसणार.

गाडीत बसल्यावर बाबांनी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही."

"तिला माहीत असेल."

होतं. आई कणीक मळत होती. ऐकून म्हणाली, "वेसने मला त्याच ख्रिसमसला सांगितलं. शपथ घातली होती, डेलाची पदवी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही." बाबा म्हणाले, "मला सोडून सगळ्यांना माहीत होतं म्हणजे." आई म्हणाली, "आणि त्या दुधाचं मला कुठे माहीत होतं, रे?"

मग जेवायला बसलो. आम्ही कोबी आणि खिमा भरलेले पाव खाल्ले, तुला आवडतात ते. बाबांनी दोन खाल्ले. टीव्ही लावला नाही.

डेला

•

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वेस,

काल समितीला लेखी दिलं. मिसेस ओकलींना आधी सांगितलं, तेवढं त्यांचं देणं लागत होते. त्यांनी कागद वाचला, परत वाचला. म्हणाल्या, "तीन आठवडे थांबता आलं नसतं का तुला?" रागाने नाही, थकून म्हणाल्या. मी म्हणाले, "दोन वर्षं थांबले." त्यांनी माझ्याकडून अभ्यासिकेची किल्ली घेतली. तीन डिसेंबरला बोलावलं आहे. पदवी रोखतील, कदाचित कायमची. आईने फ्रिजवरचा कागद काढलेला नाही. दिवस मात्र काल खोडला नाही.

तुझ्या नावापुढचं ते "विकत घेतला" समिती पुसेल की नाही, ठाऊक नाही. मी तसं मागितलं आहे. हे तू मागितलेलं नव्हतंस, हे मला कळतं. माझ्यावर रागावलास तरी चालेल. पण निदान ज्याबद्दल रागवायचं त्याबद्दल रागव.

एक गोष्ट सांगायची राहिली. आज दुपारी मिसेस बर्डीन आल्या. ओसरीवर उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "कॅरल, तुमचा दिवा गेलाय वाटतं. माझ्याकडे एक जादा जांभळा आहे."

आई म्हणाली, "गेला नाही. काढलाय. आता साधा आहे."

"आजच्या दिवशी?"

"उजेड नीट पडतो त्याने. दारात कोण आलंय ते दिसतं."

मिसेस बर्डीननी परत वर दिव्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात रोलचा डबा होता, तो तसाच घेऊन गेल्या. कोपऱ्यावरून परत आल्या आणि डबा पायरीवर ठेवून गेल्या. त्यांचं काय ठरलं ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसेल.

तेव्हा सामन्यानंतर तुला तासभर मिळाला, तर घर ओळखायला सोपं आहे. अख्खा रस्ता जांभळा आहे, आपलं तेवढं साधं. आई खिमा-राजम्याची चिली करून ठेवणार आहे. तू येशील असं ती म्हणत नाही. मोठं पातेलं काढलं आहे.

हे पत्र पोस्टात टाकून वेळेवर पोचणार नव्हतं. म्हणून डिक ते उद्या मैदानावर देईल का विचारायला निघाले, तर बाबा जेवणाच्या टेबलावरून म्हणाले, "इकडे दे."

म्हटलं, "मर्लकडे देणार का?"

म्हणाले, "मर्ल उद्या पश्चिमेला आहे."

एवढंच बोलले. त्यांनी चांगलं जाकीट खुंटीवर काढून ठेवलं आहे, आणि मी लिहून संपवायची वाट बघत बसले आहेत. मधूनच विचारतात, "झालं का?" वाचणार नाहीत, त्यांनीच सांगितलं. म्हणून इथे लिहिते: ते आले तर त्यांना काही विचारू नकोस. ते दुधाबद्दल सांगतील, तेव्हा सांगू दे. बाक सरळ करत आहेत असं दाखवतील, ते सरळच असेल.

हे तुझ्या हातात असेल, तर ते पूर्वेच्या बाजूला आले. हात पुढे करतील की नाही, ते मला सांगता येत नाही. केला तर तो जांभळा असेल. घे. रंग वाळलेला आहे, तुझ्या कपड्यांना लागणार नाही.

डेला